समुद्र दिवसातून दोनदा निघून जातो!

हॅम्बर्गमधल्या मराठी घरांत सुट्टीचा विषय निघाला की गाडीचं तोंड आपोआप दक्षिणेकडे वळतं. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, प्राग, फारच झालं तर पॅरिस. नोकरी एअरबसमध्ये असो, बंदरातल्या एखाद्या शिपिंग कंपनीत असो की आयटीत, सगळ्यांच्या फोनमध्ये युंगफ्राउच्या बर्फातला तोच फोटो. माझ्याही आहे. म्हणूनच आता ओरडून सांगावंसं वाटतंय: अहो, उत्तरेला जा! ए-२३ महामार्ग धरा, दीड-दोन तास गाडी हाका, आणि तिथे जे काही आहे ना...

नाही जमत असं एका दमात. सुरुवातीपासूनच सांगते.

हॉलंडमधल्या डेन हेल्डरपासून डेन्मार्कपर्यंत उत्तर समुद्राच्या काठाने सुमारे ५०० किलोमीटर लांबीचा एक पट्टा पसरला आहे. जर्मन त्याला वाटनमेअर म्हणतात. इथला तळ इतका सपाट, की ओहोटीला पाणी काही ठिकाणी दहा-दहा किलोमीटर मागे सरकतं आणि समुद्राची जमीन उघडी पडते. ओली, राखाडी, आभाळ अंगावर घेऊन चकाकणारी. सहा तासांनी पाणी परत. दिवसातून दोनदा, रोज, हजारो वर्षं. भरती-ओहोटीच्या वाळूचा आणि चिखलाचा एवढा मोठा सलग पट्टा जगात दुसरीकडे कुठेच नाही. २००९ मध्ये युनेस्कोने त्याच्या मोठ्या भागाला जागतिक वारसा ठरवलं, आणि २०११ मध्ये त्यात हॅम्बर्गचा तुकडा जोडला गेला. हो, आपल्या हॅम्बर्गचा. त्यावर मी शेवटी येणार आहे, कारण तिथे पोचल्यावर माझी बोलतीच बंद झाली होती.

मे महिन्याच्या मध्यावर हिम्मेलफार्टची, म्हणजे ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची, गुरुवारची सुट्टी आली. शुक्रवार जोडून घेतला. सासूबाई पेणजवळच्या खारेपाटातून नुकत्याच आल्या होत्या. त्यांना बर्फ दाखवावा असा नवऱ्याचा बेत होता, पण हॉटेलांचे भाव बघून तो गप्प झाला आणि आम्ही निघालो उत्तरेला. त्या दिवशी इकडे पितृदिनही असतो. बाप्ये लोक हातगाडीत बिअरचे क्रेट घालून शेतातल्या रस्त्यांनी गात फिरतात. सासूबाईंनी काचेतून ते बघितलं आणि म्हणाल्या, "शिमगा दिसतोय आज यांचा."

होहेनहोर्नच्या पुलावर पहिला धक्का. पुलाखालून कालवा जातो, उत्तर समुद्राला बाल्टिकशी जोडणारा, १८९५ मध्ये खुला झालेला, ९८ किलोमीटर लांबीचा. आम्ही वरून जात होतो आणि खालून, शेतांच्या मधून, चक्क एक मालवाहू जहाज चाललं होतं! पुढे डिटमार्शेन लागलं. युरोपातली कोबीची सर्वांत मोठी सलग शेती इथलीच, पण मेमध्ये कोबीची नुसती रोपं असतात. डोळ्यांत भरते ती मोहरीच्या जातीतली रेप, क्षितिजापर्यंत पिवळीधमक, आणि तिच्यावर फिरणाऱ्या पवनचक्क्या.

ब्यूझुमच्या बंदरात कोळ्यांच्या बोटी लागलेल्या होत्या आणि धक्क्यावर थेट बोटीवरून करंदी विकायला होती. उत्तर समुद्रातली ही छोटी, राखाडी कोळंबी पकडल्या पकडल्या बोटीवरच समुद्राच्या पाण्यात उकडतात, तेव्हा ती गुलाबी-तपकिरी होते. कच्ची मिळत नाही, यावर सासूबाई नाराज. पण कागदाच्या पिशवीतली करंदी घेऊन त्या बाकावर बसल्या आणि डोकं-शेपूट पिळून सोलायला लागल्या, तर शेजारचं जर्मन जोडपं आपलं सोलणं थांबवून बघतच राहिलं. आता यातली गंमत ऐका. इथल्या करंदीचा मोठा भाग ट्रकने मोरोक्कोला जातो, तिथे बायका ती हाताने सोलतात, आणि सोललेली करंदी परत येऊन इथल्याच पावात भरली जाते. म्हणजे समुद्रकाठी उभं राहून आपण जे 'ताजं' खातो ते आफ्रिका बघून आलेलं असू शकतं! म्हणून सालासकट घ्या आणि स्वतः सोला. त्या रात्री आमच्या सुट्टीच्या घरात पेणहून आलेल्या मसाल्यात आणि आगळात करंदीचं कालवण झालं. त्याबद्दल इथे लिहीत बसले तर लेख तिथेच संपेल.

आयडर नदीच्या मुखावर एक अवाढव्य बांध आहे. १९६२ च्या फेब्रुवारीत उत्तर समुद्राला आलेल्या वादळी उधाणाने एकट्या हॅम्बर्गमध्ये ३१५ माणसं नेली. विल्हेल्म्सबुर्ग भागात लोक रात्री झोपेत बुडाले. त्या रात्रीनंतर किनाऱ्याचे बांध नव्याने विचारात घेतले गेले आणि १९७३ मध्ये आयडरचा हा अडसर उभा राहिला. चाळीस-चाळीस मीटर रुंदीची पाच दारं. वादळ आलं की ती खाली येतात आणि समुद्राला नदीत शिरू देत नाहीत. सासूबाई कठड्याला धरून बराच वेळ खाली बघत होत्या. मग म्हणाल्या, "उघाडीच आहे की गं ही. आमच्याकडे लाकडाच्या फळ्या असायच्या."

खारेपाटात जन्म काढलेल्या बाईला बांध काय असतो ते सांगावं लागत नाही. समुद्राला आडवा बांध, आत गोड्या पाण्यावर भात, आणि बांधाला खांड पडली की रातोरात खारं पाणी शेतात. "खांड पडली की सगळं गाव टोपल्या घेऊन धावायचं, कुणाचं शेत ते कुणी विचारायचं नाही," त्या सांगत होत्या. इथला जुना कायदा याहून कडक होता. आपल्या वाट्याचा बांध ज्याला राखता येत नाही, त्याने त्यात फावडं रोवायचं आणि गाव सोडायचं. जो ते फावडं उपसेल, त्याची जमीन, आणि त्याचाच बांध. हे ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "माणसं कठोर असावी लागतात समुद्राकाठी."

आणि तेवढ्यात डोक्यात टोच बसली! माझ्या! बांधाच्या कडेला, गाड्या लावायच्या जागेपासून अगदी हाताच्या अंतरावर, सुरय आणि कुरव यांची घरटी. शेकडो. आम्ही वाटेनेच चाललो होतो, पण सुरयांच्या मते ती वाटही त्यांचीच. पांढरेशुभ्र, काळी टोपी, रक्तासारखी लाल चोच, आणि किंचाळत सरळ टाळूवर झेप. सगळ्यांत उंच दिसेल त्यावर ते हल्ला करतात, म्हणून इथे येणारे जाणते लोक डोक्यावर काठी किंवा छत्री धरतात. सासूबाईंनी निमूट छत्री उघडली. मी मात्र किंचाळत गाडीत पळाले आणि आत बसल्यावर वाचलं, की यातले आर्क्टिक सुरय दर वर्षी अंटार्क्टिकाच्या बर्फापासून इथे येतात आणि परत जातात. पृथ्वीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला येऊन जो पक्षी अंडी घालतो, त्याने मला टोचलं. मी अजून भेटेल त्याला ती जागा दाखवते.

संध्याकाळी वेस्टरहेवर. मेंढ्यांनी भरलेला हिरवा बांध चढून वर गेलो. मेंढ्या इथे शोभेला नाहीत बरं का. त्यांच्या खुरांनी बांधाची माती दाबली जाते आणि गवत आखूड राहून मुळं घट्ट धरतात. वर पोचलो, पलीकडे बघितलं, आणि समुद्र नव्हता. खारवट गवताचं मैदान, त्याच्या मधोमध १९०८ पासून उभा असलेला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा लोखंडी दीपस्तंभ, त्याच्या दोन्ही बाजूंना रखवालदारांची दोन जुळी घरं, आणि पलीकडे नुसता उजेड. पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे सुरू झालं ते कळायला मार्गच नाही. मी कोकणातला समुद्र बघितलाय, गोव्याचा बघितलाय. तिथे समुद्र तुमच्या पायांशी येऊन काहीतरी बोलत राहतो. हा निघूनच गेला होता! आणि नवरा शांतपणे फोनमध्ये बघून सांगतो, "येईल. रात्री दोनला."

सासूबाईंनी लगेच तिथी विचारली. कोकणात तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ येते, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. हिशेब इथे जुळेना, कारण या किनाऱ्यावर प्रत्येक बंदराची वेळ वेगळी. कुक्सहाफेनला भरलेलं पाणी एल्बे नदीतून हॅम्बर्गला पोचायला आणखी काही तास घेतं. पण उधाण आणि भांग मात्र चंद्रानेच ठरतं, इथेही. हे कळल्यावर त्यांना जर्मनीबद्दल पहिल्यांदा थोडा विश्वास वाटल्यासारखं दिसलं.

हूझुम गाव सुंदर आहे, पण आम्ही तिथे कॉफीपुरतेच थांबलो. टेओडोर श्टोर्म इथला, बांधकारभाऱ्याची आणि पांढऱ्या घोड्याची ती प्रसिद्ध कथा त्याने १८८८ मध्ये लिहिली. साहित्यप्रेमींनी त्याचं घर जरूर बघावं. माझा जीव मात्र बाहेरच अडकला होता.

नोर्डश्ट्रांडहून ओहोटीच्या वेळी सीलच्या वाळूपट्ट्यांकडे बोट जाते. इंजिन मंद झालं, आणि समोर पसरलेले ते लांबट, ठिपकेदार देह डोकं आणि शेपूट एकदम वर उचलून आमच्याकडे बघायला लागले. सगळे! एकाच वेळी! नावाड्याने सांगितलेलं ऐकून मी वेडीच झाले. सीलची पिल्लं जूनच्या सुमारास या पट्ट्यांवर जन्मतात, आणि सहा तासांत भरती येऊन पट्टाच बुडतो, म्हणून पिल्लू जन्मल्या दिवशीच पोहतं. त्याच पाण्यात राहणारा करडा सील मात्र हिवाळ्यात वितो. त्याच्या पिल्लाला पांढरी लव असते आणि ते काही आठवडे पोहू शकत नाही. त्याला न बुडणारी वाळू हवी, म्हणून तो हेल्गोलांड बेटासारख्या उंच किनाऱ्यांवर जातो. १९८८ आणि २००२ मध्ये विषाणूच्या साथीने इथले हजारो सील मेले होते. ते परत वाढले. शिकारीवर बंदी आहे आणि १९८५ पासून इथला किनारा राष्ट्रीय उद्यान आहे, त्याचाच हा परिणाम.

आता हंसांबद्दल. खरं तर ही बदकाहून थोडी मोठी, काळ्या मानेची, पांढरी कंठी घातलेली ब्रेंट जातीची हंसजातीय पाखरं. ती बघायला आम्ही हॅम्बर्गर हालिगला गेलो. हालिग म्हणजे बांध नसलेलं, पाण्याच्या जेमतेम वर असलेलं गवताळ बेट. वादळात समुद्र त्यावरून सरळ आडवा जातो, आणि उंचवट्यावर बांधलेली घरं तेवढी वर राहतात. अशी दहा हालिगं या किनाऱ्यावर आहेत. काहींवर मुख्य भूमीकडून रुळांची चिमुकली वाट जाते आणि लोक आपापली खाजगी ट्रॉली घेऊन बाजारहाटाला येतात. घरटी एक रेल्वे! ज्या हालिगला आम्ही गेलो त्याचं नाव हॅम्बर्गर, कारण सतराव्या शतकात आम्सिंक नावाच्या हॅम्बर्गच्या व्यापारी भावांनी तिथे बांध घालून शेती करायला घेतली होती. मग ऑक्टोबर १६३४ चं वादळ आलं. एका रात्रीत श्ट्रांड नावाचं मोठं बेट फुटलं आणि हजारो माणसं गेली. व्यापाऱ्यांची शेती गेली, नाव तेवढं राहिलं. त्याच्याही आधी, १३६२ च्या वादळात, रुंगहोल्ट नावाचं अख्खं गाव याच चिखलात गडप झालं होतं.

गाडी बांधापाशी लावली, सायकली घेतल्या आणि हालिगकडे जाणाऱ्या वाटेला लागलो. वारा समोरून. दोन्ही बाजूंच्या गवतावर काळे ठिपके, आणि ते सतत गुरगुरल्यासारखं काहीतरी बोलत होते. हजारोंनी! ही पाखरं हिवाळा संपता संपता इथे येतात, खारट गवत खाऊन अंगावर चरबी चढवतात आणि मेच्या उत्तरार्धात एकाएकी उठून सैबेरियातल्या तैमिर द्वीपकल्पाकडे निघतात, चार-पाच हजार किलोमीटर. आम्ही गेलो ते त्यांचे शेवटचे दिवस होते. अख्ख्या वाटनमेअरमधून दर वर्षी एक कोटीहून जास्त पक्षी ये-जा करतात. पश्चिम आफ्रिकेहून निघालेला नॉट नावाचा मुठीएवढा पक्षी इथे उतरतो, काही आठवड्यांत वजन जवळपास दुप्पट करतो आणि आर्क्टिकला जातो. हा चिखल नसता तर तो मध्येच पडला असता. पेट्रोलपंप बंद झाला तर ट्रकवाला दुसरा शोधेल, त्याला दुसरा नाही.

मग असा चिखल ज्यांनी राखलाय त्यांच्याबद्दल माझ्या मनात कौतुक दाटून आलं, पण ब्यूझुमला नवऱ्याने दूरवर एक ठिपका दाखवला होता, तोही सांगायला हवा. डिटमार्शेनच्या किनाऱ्यासमोर, राष्ट्रीय उद्यानाच्या ऐन मध्ये, मिटलप्लाटं नावाचा तेलाचा फलाट १९८७ पासून तेल उपसतो आहे. जर्मनीतलं सर्वांत मोठं तेलक्षेत्र तेच. नियम कडक आहेत, हे मान्य. तरी मला ते पटलेलं नाही.

परतीच्या वाटेवर ग्ल्यूकश्टाटला गाडीसकट फेरीबोटीत बसलो, एल्बे ओलांडली आणि कुक्सहाफेन गाठलं. तिथून ओहोटीला समुद्राच्या तळावरून चालत नॉयवेर्क बेटावर जाता येतं, दहा-बारा किलोमीटर. सासूबाईंनी साफ नकार दिला. "आयुष्यभर चिखलच तुडवला मी. आता मला चहा घेऊन बसून बघू दे." त्या आणि त्यांचा मुलगा किनाऱ्यावर, आणि मी वाटाड्याबरोबर निघालेल्या घोळक्यात.

जुने बूट घट्ट बांधलेले, कारण शिंपल्यांच्या कडा पाय कापतात. पहिल्या पावलाला थंडी मेंदूपर्यंत. दूरवर वाळक्या फांद्या रोवून वाट आखलेली. वाळूवर जिकडे तिकडे साच्यातून नुकत्याच पाडलेल्या कुरडया! वाटाड्याने फावडं घातलं आणि त्याखालचा जाड, तपकिरी किडा काढून तळहातावर ठेवला. हा वाळू गिळतो, तिच्यातलं खाद्य ठेवून घेतो, उरलेली बाहेर टाकतो. एक किडा वर्षाला सुमारे पंचवीस किलो! म्हणजे हा सगळा समुद्रतळ पुन्हा पुन्हा कुणाच्या तरी पोटातून जाऊन आलेला. मग वाटाडा म्हणाला, बोलू नका. वारा पडला होता. खालून कुरकुर, चुरचुर असा बारीक आवाज यायला लागला, चहूबाजूंनी, चिखलातूनच. तांदळाच्या दाण्याएवढे कोरोफियम नावाचे जीव आपल्या मिशा फाकवतात, त्यांच्यातला पाण्याचा पडदा फुटतो, त्याचा तो आवाज. लाखो मिशांचा!

मध्ये पाण्याच्या वाटा लागतात, त्यांना प्रील म्हणतात. भरतीचं पाणी आधी त्यांतून भरतं, तुमच्या पाठीमागून, तुम्हाला न कळता. म्हणून वाटेत उंच खांबांवर पिंजरे उभे केले आहेत, अडकलेल्या माणसाने चढून बसण्यासाठी. एका पिंजऱ्याखाली मी मान वर करून उभी होते, आणि क्षितिजावरून, माझ्याच पातळीवर, एक प्रचंड कंटेनर जहाज हॅम्बर्गकडे सरकत गेलं. मी समुद्राच्या तळावर उभी, आणि ते समुद्रावर!

नॉयवेर्क प्रशासकीयदृष्ट्या हॅम्बर्ग-मिटं या भागात येतं. मुख्य रेल्वे स्टेशन ज्या भागात आहे, त्याच भागात हे बेट, शंभरेक किलोमीटर दूर! बेटावरचा विटांचा चौकोनी बुरूज १३१० मध्ये पूर्ण झाला. हॅम्बर्गमधली ही सर्वांत जुनी उभी इमारत, एल्बेच्या मुखावर चाच्यांवर नजर ठेवायला बांधलेली. शेजारी वाहत आलेल्या अनोळखी खलाशांची छोटी दफनभूमी आहे. आणि आता शेवटची गोष्ट. १९३७ मध्ये हॅम्बर्गच्या हातून गेलेलं हे बेट शहराने १९६९ मध्ये परत मिळवलं, ते पक्ष्यांसाठी मुळीच नव्हे. शेजारच्या शारहोर्न बेटाजवळ खोल पाण्याचं भलंमोठं बंदर बांधायचं होतं. ती योजना बारगळली, आणि १९९० मध्ये हॅम्बर्गने तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं. जिथे क्रेन उभ्या राहायच्या होत्या, तिथे आज सुरय अंडी घालतात.

परत येताना बोटीने आले, कारण तोवर समुद्र आला होता.

तर हॅम्बर्गच्या मराठी मंडळींनो, हंस आणि सुरय बघायचे तर एप्रिल-मे, सीलची पिल्लं जून-जुलैत, आणि नॉट, तुतारी पक्ष्यांचे ढग परत उतरतात ऑगस्टनंतर. दुर्बीण घ्या, वारा अडवणारं जाकीट घ्या, पक्षी उडतील इतकं जवळ जाऊ नका, कुत्रा सोडू नका. पाऊस लागलाच तर टोनिंगच्या मुल्टिमार वाटफोरममध्ये सुमारे १८ मीटरच्या स्पर्म व्हेलचा सांगाडा आहे, मुलं तिथून हलत नाहीत. भरती-ओहोटीचं वेळापत्रक प्रत्येक बंदरात मिळतं, ते खिशात ठेवा. आणि नॉयवेर्कची वाट कितीही सोपी दिसली, आभाळ कितीही निरभ्र असलं, तरी वाटाड्याशिवाय त्या चिखलात पाऊल टाकू नका.